समजूतदार मुलगी

भारतातून आई-बाबा आले की आपल्या पोर्टलंडकरांची एक यादी ठरलेली असते. मल्टनोमाचा धबधबा, रोझ गार्डन आणि पिटॉक मॅन्शन. मॅन्शनच्या हिरवळीवरून माउंट हूड दिसला की फोटो काढायचे, थर्मासमधला चहा प्यायचा आणि घरी यायचं. त्याच मॅन्शनच्या पार्किंगजवळून एक पायवाट झाडीत शिरते. ती वाइल्डवुड ट्रेल, सुमारे तीस मैल लांबीची. ज्या फॉरेस्ट पार्कमधून ती जाते ते जंगल पाच हजार एकरांहून मोठं आहे, आणि तेही शहराच्या हद्दीत!

या जंगलात २००४ साली पोलिसांना एक बाप आणि त्याची लहान मुलगी सापडली. चार वर्षं ती दोघं तिथेच राहत होती. बाप माजी सैनिक. मुलगी शाळेत जात नव्हती, पण तपासणी झाली तेव्हा प्रकृतीनं ठणठणीत आणि अभ्यासात वयाच्या मानानं पुढेच निघाली. त्यांची एका घोड्यांच्या फार्मवर सोय करण्यात आली. थोड्याच दिवसांत दोघं तिथूनही निघून गेली.

इथल्याच रीड कॉलेजात शिकवणारे लेखक पीटर रॉक यांनी या बातमीवरून 'माय अबँडनमेंट' ही कादंबरी लिहिली. ती २००९ साली आली. आणि त्या कादंबरीवरून डेब्रा ग्रॅनिक या दिग्दर्शिकेनं २०१८ साली 'लीव्ह नो ट्रेस' हा चित्रपट काढला. आपल्या गावची गोष्ट म्हणून मी तो पहिल्यांदा पाहिला. नंतर आणखी दोनदा पाहिला, त्याचं कारण मात्र गाव नव्हतं. ते कारण पुढे येईलच.

गोष्ट तशी साधी आहे. विल हा युद्धावरून परतलेला सैनिक. टॉम ही त्याची तेरा वर्षांची मुलगी. आई नाही. दोघं जंगलात ताडपत्रीखाली राहतात, पावसाचं पाणी साठवतात, अळंबी गोळा करतात, बुद्धिबळ खेळतात. कुणी माणूस आला तर कसं लपायचं याचा सराव करतात. मधूनच सेंट जॉन्स ब्रिज पायी ओलांडून शहरात येतात. विलला माजी सैनिकांच्या रुग्णालयातून औषधं मिळतात. ती तो स्वतः घेत नाही, दुसऱ्यांना विकतो, आणि त्या पैशांत दोघांचा किराणा येतो. युद्धानं दिलेल्या आजाराचं औषध विकून घर चालवायचं! चित्रपट यावर एका शब्दाचंही भाष्य करत नाही. पैसे हातात येतात, पिशवी भरते, दोघं परत चालू लागतात.

मग एक दिवस टॉम एका जॉगिंग करणाऱ्याच्या दृष्टीस पडते. पोलीस येतात, कुत्री येतात, दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले जातात. विलसमोर कॉम्प्युटर ठेवून शेकडो विधानं ऐकवली जातात आणि प्रत्येकाला 'बरोबर' की 'चूक' एवढंच उत्तर द्यायचं असतं. आवाज यंत्राचा, त्यात थांबायची सोय नाही, आणि समोर ज्याचं मन मुळातच जागेवर नाही असा माणूस. त्या प्रसंगात बेन फॉस्टर या नटानं जे केलंय ते केवळ डोळ्यांनी केलंय. या चित्रपटात त्याला बोलायला फार थोडं आहे, आणि तो एकदाही आपल्या दुःखाची जाहिरात करत नाही.

पुढे त्यांना ख्रिसमसची झाडं वाढवणाऱ्या एका शेतावर घर मिळतं. तिथे एक मुलगा भेटतो, त्याचा ससा भेटतो, टॉम सायकल शिकते, चर्चमध्ये जाते. तिला आवडायला लागतं. आणि नेमकं त्याच शेतावर कापलेली झाडं उचलायला हेलिकॉप्टर येतं. त्या पंख्यांचा आवाज आणि विलचा चेहरा! रात्री ज्या आवाजानं तो दचकून उठतो, तोच आवाज भर दिवसा पोटापाण्याचं काम म्हणून डोक्यावर घिरट्या घालतोय. शेतमालक वाईट नाही, पायलट वाईट नाही, झाडं तर मुलांच्या सणाचीच आहेत. पण विलला तिथे राहणं अशक्य होतं. एका सकाळी तो टॉमला सामान भरायला सांगतो आणि दोघं पुन्हा निघतात.

इथून चित्रपट विलचा राहत नाही, टॉमचा होतो. माझ्या मते त्याची खरी ताकद इथे आहे.

आपल्याकडे मुलीची स्तुती करायला एक शब्द अगदी हाताशी असतो, 'समजूतदार'. हट्ट करत नाही, मागत नाही, मोठ्यांचा चेहरा बघून वागते, म्हणून समजूतदार. टॉम तशीच आहे. दुकानात चॉकलेट हातात घेतलं तर ते हवंय की खरंच लागतंय याचा विचार करायला ती शिकलेली आहे. बापाला रात्री वाईट स्वप्नं पडतात हे तिला माहीत आहे. त्याला कुठला आवाज सोसत नाही, कुठल्या माणसासमोर तो मिटतो, हे तिला पाठ आहे. त्याच्या कागदांत तिला वर्तमानपत्राचं एक कात्रण सापडतं. युद्धावरून परतल्यावर ज्या तुकडीतल्या एकामागून एक सैनिकांनी आत्महत्या केल्या, तिच्याविषयीची ती बातमी असते. ती वाचते. ती काही विचारत नाही. प्रेक्षकाला वाटतं, किती गुणी पोर! दिग्दर्शिका मात्र आपल्याला तिथे थांबू देत नाही. या गुणीपणाचा खर्च कोण भरतंय, हे ती हळूहळू दाखवत जाते.

मला हे एवढं का भिडलं ते आता सांगते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सैन्यात होते. १९८७ ते १९९० या काळात भारताची शांतिसेना श्रीलंकेत होती. त्या मोहिमेत आपले अकराशेहून अधिक जवान गेले. अण्णांची पलटण तिथे होती. ते परत आले तेव्हा मी दहा वर्षांची होते. साताऱ्याजवळच्या आमच्या गावात फौजी घरं पुष्कळ, त्यामुळे माणूस धडधाकट परत आला यातच सगळ्यांना आनंद. हात-पाय शाबूत होते. झोप तेवढी गेली होती. रात्री ते पडवीत भिंतीला पाठ लावून बसायचे. स्वयंपाकघरात फुलपात्र पडलं तर आई आधी त्यांच्याकडे बघायची आणि मग फुलपात्राकडे. दिवाळीत आमच्या घरी फुलबाज्या आणि भुईनळे, बस. सुतळी बॉम्ब मागायचा नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेतून आले की दाराची कडी हळू लावायची, हेही कुणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या काकी म्हणायच्या, "पोर लई समजूतदार हाय." मला त्याचा अभिमान वाटायचा.

या आजाराला नाव आहे हे मला अमेरिकेत आल्यावर कळलं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं लावून धरल्यावर १९८० साली इथल्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत पीटीएसडी हे निदान आलं. आमच्या घरात त्याला 'अण्णांची झोप हलकी झालीय' एवढंच म्हणायचे.

चित्रपटाकडे परत येते. शेतावरून निघाल्यावर दोघं उत्तरेकडे वॉशिंग्टन राज्यात जातात. थंडी वाढलेली, रात्री पाला अंगावर ओढून काढलेली, टॉम गारठलेली. पोर मरेल की काय असं आपल्याला वाटतं. बापाचं तिच्यावर प्रेम आहे यात तिळमात्र शंका नाही, आणि तरी त्याच प्रेमानं तिला या पाल्यात आणून निजवलंय. पुढे विल जंगलात पडून जखमी होतो. टॉम माणसं शोधून आणते आणि ती दोघं एका वस्तीवर पोचतात. झाडीत उभ्या केलेल्या जुन्या ट्रेलरांतून राहणारी ती साधी, गरीब माणसं. त्यांच्यात एक पूर्वीचा लष्करी वैद्यकीय सहायक आहे, तो विलचा पाय बघतो. रात्रीच्या स्वप्नांवर उतारा म्हणून तो विलजवळ आपला कुत्रा ठेवतो. मधमाश्या पाळणारी एक बाई टॉमला पोळं दाखवते. काही दिवसांनी टॉम तेच पोळं बापाला दाखवायला नेते आणि माश्या उघड्या हातावर घेते. भीती कशी हाताळायची हे आजवर बापानं तिला शिकवलेलं. आता ती त्याला शिकवायला बघते आहे. दोन मिनिटांचा प्रसंग असेल, पण अख्ख्या चित्रपटाचा जीव त्यात आहे असं मला वाटतं.

विल बरा होतो आणि पुन्हा निघायची तयारी करतो. टॉम त्याच्याबरोबर चालू लागते, आणि मग थांबते. बाबांना झालेली इजा आपल्याला झालेली नाही, एवढंच ती त्याला सांगते. आवाज चढत नाही. आरोप नाही. तूच मला असं वाढवलंस, तूच माझं बालपण खाल्लंस, असं काही नाही. आणि विलही ऐकून घेतो. तो तिला ओढत नाही. जाताना तो जे देतो ते बापानं मुलीला द्यायचं शेवटचं दान आहे, तो तिला मागे राहू देतो. टॉमची भूमिका करणारी थॉमसिन मॅकेंझी ही न्यूझीलंडची मुलगी. या प्रसंगात तिच्या चेहऱ्यावर दुःख आणि सुटका एकाच वेळी दिसतात, आणि दोन्ही खरी वाटतात.

ग्रॅनिकबाईंचा हा विषय नवा नाही. २०१० सालच्या 'विंटर्स बोन'मध्ये जेनिफर लॉरेन्सनं केलेली सतरा वर्षांची मुलगी बेपत्ता बापाला शोधत फिरते, कारण त्यानं जामिनासाठी घर गहाण टाकलेलं असतं आणि आजारी आई व दोन लहान भावंडं तिच्या गळ्यात असतात. २०१४ साली त्यांनी 'स्ट्रे डॉग' हा माहितीपट केला, तो व्हिएतनामला जाऊन आलेल्या एका मोटारसायकलवाल्या माजी सैनिकावर. हे दोन्ही धागे 'लीव्ह नो ट्रेस'मध्ये एकत्र आलेत. फरक एवढाच की 'विंटर्स बोन'मधली मुलगी घर सांभाळायला मागे राहते आणि तिचं राहणं हेच शौर्य ठरतं. टॉम बापाबरोबर जात नाही, आणि ते न जाणं हे शौर्य ठरतं. आपल्या गोष्टींत पहिल्या प्रकारच्या मुली पुष्कळ आहेत. दुसऱ्या प्रकारच्या मुलीला आपण सहसा स्वार्थी म्हणून मोकळे होतो.

मूळ कादंबरीत मुलीचं नाव कॅरोलाइन आहे आणि शेवट बराच काळोखा आहे. तिथे बापाचा मृत्यू होतो, म्हणजे मुलीची सुटका नियती करते. चित्रपटात तो निर्णय मुलीला स्वतः घ्यावा लागतो, बाप जिवंत असताना, त्याच्या डोळ्यांत बघून. पुस्तकापेक्षा चित्रपट सरस असं मी क्वचितच म्हणते. इथे म्हणते.

दोन तक्रारीही नोंदवायला हव्यात. पहिली, या चित्रपटात वाईट माणूस नाहीच. पोलीस समंजस, समाजसेविका प्रेमळ, ट्रकवाला टॉमला ती सुरक्षित आहे ना हे विचारणारा. रस्त्यावर राहणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलीच्या वाट्याला जग इतकं चांगलं येतं का? डाउनटाउनमध्ये तंबू पाहिलेल्या आपल्यापैकी कुणालाही हे पटणार नाही. पहिल्यांदा पाहताना मलाही पटलं नव्हतं. नंतर वाटलं, जग दुष्ट दाखवलं असतं तर विलचंच बरोबर ठरलं असतं. माणसांपासून पळायला मग कारण मिळालं असतं. जग चांगलं असूनही त्याला त्यात राहता येत नाही, हे दाखवायचं होतं. त्यामुळे ही तक्रार मी अर्धी मागे घेते.

दुसरी तक्रार मात्र कायम आहे. विलनं युद्धात काय पाहिलं, काय केलं, याबद्दल एक अक्षर नाही. मौन हा आजाराचा भाग आहे हे मान्य. पण ज्यांच्या देशात जाऊन ते युद्ध झालं त्या माणसांची साधी सावलीही चित्रपटावर पडत नाही. तिथेही एखादी तेरा वर्षांची मुलगी असेल आणि तिचा बाप परत आला नसेल. एखादं वाक्य, एखादा फोटो पुरला असता. हे मी अण्णांच्या बाबतीतही स्वतःला विचारत आले आहे. जाफना या गावाचं नाव आमच्या घरात 'तिकडे' एवढंच होतं. तिकडे माणसं राहत होती, हे मी कॉलेजात गेल्यावर, पुस्तकातून शिकले.

मागच्या हिवाळ्यात माझ्या चौदा वर्षांच्या मुलीबरोबर मी हा चित्रपट तिसऱ्यांदा पाहिला. संपल्यावर तिनं विचारलं, "मग आता त्याच्याकडे कोण बघणार?" मी तिला विचारलं, "तू असतीस तर गेली असतीस त्याच्याबरोबर?" ती म्हणाली, "हो, बहुतेक." मला धस्स झालं. तिच्या वयाची असताना मीही हेच उत्तर दिलं असतं, आणि सगळ्यांनी माझी पाठ थोपटली असती.

मी तशी गेलेच होते. दहावी होईपर्यंत अण्णांची रात्र ही माझीही रात्र होती. ते पडवीत जागे, मी आत जागी. मग पुण्याला कॉलेज, मग नोकरी, मग हा देश. निघताना वाटलेलं सुख आणि त्या सुखाची लाज, दोन्ही मी सामानात बांधून आणली. इतकी वर्षं मला वाटायचं की मी अण्णांना सोडून आले. टॉमला पाहिल्यावर पहिल्यांदा वाटलं, सोडून येणं आणि टाकून येणं यांत फरक असतो.

हा फरक चित्रपट शेवटच्या एका दृश्यात दाखवतो. ट्रेलरच्या वस्तीवरची डेल ही बाई जंगलात एकट्या राहणाऱ्या कुणासाठी तरी खाण्याची पिशवी झाडाला टांगून ठेवते, हे आपण आधी पाहिलेलं असतं. तो माणूस कधी दिसत नाही. पिशवी तेवढी रिकामी होते. शेवटी टॉम तशीच पिशवी टांगताना दिसते. माझ्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे होतं आणि ते मी तिला दाखवलं. बघणारं कुणीतरी आहे. पण बघण्यासाठी तिनं स्वतः थंडीत झोपायची गरज नाही.

जंगलात जाताना मागे काही ठेवू नये, आपली खूणही राहू नये, हा इथल्या हायकिंगचा नियम आपल्या मुलांना शाळेच्या कॅम्पपासून पाठ असतो. त्याचंच नाव चित्रपटाला दिलंय. युद्ध हा नियम पाळत नाही. त्याची खूण राहते, आणि ती ज्यानं युद्ध पाहिलंच नाही अशा पोरीच्या कडी लावण्याच्या सवयीतही राहते. मी अजून दार आवाज न करता लावते. माझी मुलगी धाडकन लावते. पूर्वी मी तिला रागवायची. हल्ली रागवत नाही.

चित्रपट एक तास एकोणपन्नास मिनिटांचा आहे. मारामारी, शिवीगाळ, अवघडायला होईल असं काही नाही, त्यामुळे बारा-तेरा वर्षांच्या मुलांबरोबर खुशाल पाहता येईल. शेवटी मुलांना विचारा, तुम्ही असतात तर काय केलं असतं? आणि उत्तर फारच समजूतदार आलं, तर लगेच कौतुक करू नका. थोडं थांबून त्यांच्याशी बोला.

अण्णा २०१९ साली इथे आले होते. यादीप्रमाणे पिटॉक मॅन्शनला गेलो. माउंट हूडचा फोटो झाला, चहा झाला. मग त्यांना त्या पायवाटेवर थोडं आत नेलं. ते एका मोठ्या डग्लस फरला पाठ लावून बराच वेळ उभे राहिले. चित्रपटाचं मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगावं की नाही, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.